जुन्या गाडीला ‘स्वतः शिकणारं’ फ्युएल इंजेक्शन : कोणी बसवावं, कोणी पैसे वाचवावेत?

बडोदे : लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जानेवारी २०२३ मध्ये ‘२१ गन सॅल्यूट’ हा जुन्या मोटारींचा मोठा सोहळा झाला. तिथल्या राजेशाही गाड्यांना सांभाळायला माणसं असतात, पैसाही असतो. आपला आजचा विषय त्या गाड्यांचा नाही. आपला विषय आहे वडिलांनी घेतलेली पद्मिनी, काकांची अॅम्बॅसॅडर, हौसेने ठेवलेली काँटेसा किंवा जिप्सी, नाहीतर घरातली पहिली मारुती ८००. रावपुऱ्यात असो, नंदुरबारला असो की बेळगावला, अशा गाडीच्या मालकाची तक्रार एकच असते. सकाळी चालू व्हायला त्रास, उन्हात बंद पडते, पिकअप गेला, अॅव्हरेज गेला.

आणि मग मोबाइलवर जाहिरात दिसते : कार्बोरेटर काढा, त्या जागी हे इंजेक्शन बसवा, लॅपटॉप नको, ट्युनिंग नको, गाडी चालवता चालवता यंत्र स्वतःच शिकेल. ऐकायला छान वाटतं. यंत्र खरोखर शिकतंही. पण ते एकच विषय शिकतं : पेट्रोल किती सोडायचं. गाडीचा आजार दुसऱ्याच ठिकाणी असेल तर हे हुशार यंत्र आजार बरा करत नाही, उलट झाकून ठेवतं आणि कधी कधी वाढवतं. त्यामुळे पैसे मोजण्याआधी हे नेमकं काय प्रकरण आहे, बाजारात काय काय पर्याय आहेत आणि आपल्याकडच्या लहान इंजिनांना त्यातलं काय लागू पडतं, हे समजून घेऊया.

हा प्रश्न आत्ताच का आला?

भारतात नव्या मोटारींतून कार्बोरेटर जवळजवळ २००० सालीच गेला. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, २००० मध्ये प्रदूषणाचे नियम आणखी कडक झाले आणि मारुती ८००लासुद्धा एमपीएफआय आलं. त्याआधीच्या गाड्या मात्र कार्बोरेटरवरच राहिल्या. इतकी वर्षं त्यांचं बरं चाललं होतं. आता तीन गोष्टी त्यांच्या विरोधात आहेत.

पहिली गोष्ट, ई-२० पेट्रोल. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल विक्रीला आलं आणि आता ते बहुतेक पंपांवर तेच आहे. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यातल्या वाचकांना इथेनॉल नवं नाही, आपल्याच उसाचं ते पोर. पण इंजिनाच्या दृष्टीने फरक मोठा आहे. साधं पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते. ई-२० साठी हा आकडा साधारण १३.५ येतो. कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. त्याच्या जेटचं भोक ठरलेलं, त्यातून येणारं इंधनही ठरलेलं. म्हणजे मिश्रण सुमारे आठ-नऊ टक्के पातळ होतं, हवा जास्त आणि इंधन कमी. पातळ मिश्रणाने गाडी धक्के देते, पिकअप घेत नाही, आणि चढावर पूर्ण लोड असताना इंजिन जास्त तापतं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनला ते चांगलं नाही.

दुसरी गोष्ट, ऊन. मे महिन्यात बडोद्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. गरम इंजिनावर बसलेल्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल गाडी थांबल्यावर उकळतं, पाइपमध्ये वाफ अडकते. पाच मिनिटं बाजारात थांबलात की गाडी परत चालू होत नाही. जुने ड्रायव्हर पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याचसाठी.

तिसरी गोष्ट, घाट. बडोद्याहून नाशिककडे जाताना सापुतारा लागतं, उंची हजार मीटरच्या आसपास. तिथे हवा सपाटीपेक्षा साधारण दहा टक्के विरळ. कार्बोरेटर सपाटीवर सेट केलेला असेल तर वर मिश्रण घट्ट होतं, धूर येतो, पेट्रोल जास्त जातं.

ई-२०, ऊन आणि उंची, तिन्ही गोष्टी सतत बदलत राहणाऱ्या. आणि कार्बोरेटर म्हणजे एकदा लावलेला स्क्रू. इथेच ‘स्वतः शिकणाऱ्या’ यंत्राची जाहिरात मनाला पटते.

शिकतं म्हणजे नेमकं काय करतं?

आमटी करणारी बाई काय करते? अंदाजाने मीठ घालते, चाखते, कमी वाटलं तर थोडं आणखी घालते. दहा वेळा केल्यावर तिचा हातच बसतो, मग चाखायचीही गरज फारशी पडत नाही. हे यंत्र तेच करतं.

बसवताना तुम्ही त्याला थोडी माहिती देता : इंजिन किती सीसीचं, किती सिलिंडर, आयडलिंग किती. त्यावरून ते पहिला अंदाज बांधतं. इंजिनात किती हवा जाते हे कळायला मॅनिफोल्डमधल्या दाबाचा, हवेच्या तापमानाचा, एक्सिलरेटरच्या स्थितीचा आणि आरपीएमचा सेन्सर असतो. त्याप्रमाणे कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा हे ठरवतो.

चाखायचं काम करतो सायलेन्सरच्या पाइपमध्ये बसवलेला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो मोजतो. जास्त उरला तर मिश्रण पातळ, ईसीयू इंधन वाढवतो. कमी उरला तर घट्ट, इंधन कमी करतो. ही झाली त्या क्षणाची दुरुस्ती. पण ‘२,००० आरपीएम आणि अर्ध्या लोडवर मला दर वेळी आठ टक्के जास्त द्यावं लागतंय’ हे लक्षात आलं की ईसीयू ते आपल्या तक्त्यात कायमचं लिहून ठेवतो. यालाच ‘शिकणं’ म्हणतात. तक्त्यात आरपीएम आणि लोडची अनेक घरं असतात, आणि गाडी ज्या घरात जाईल तेवढंच घर सुधारतं. म्हणून नव्या बसवलेल्या गाडीला नुसतं मांडवीच्या गर्दीत फिरवून चालत नाही. हालोल रस्त्यावर एकसारख्या वेगाने, मग थोडं चढावर, मग उतारावर, असं सगळ्या परिस्थितींत चालवावं लागतं.

यात ई-२० चा प्रश्न आपोआप सुटतो. सेन्सर उरलेला ऑक्सिजन बघतो, पेट्रोलचं नाव विचारत नाही. इथेनॉल जास्त आलं तर ऑक्सिजन जास्त उरतो, ईसीयू इंधन वाढवतो. सापुताऱ्याला हवा विरळ झाली तर दाबाचा सेन्सर ते आधीच सांगतो. उकळण्याचा त्रासही बराच कमी होतो, कारण जास्त दाबाखालचं पेट्रोल सहज वाफ होत नाही.

ते काय शिकत नाही?

हा भाग जाहिरातीत नसतो, आणि पैसे इथेच बुडतात.

आमटीत मीठ बरोबर असलं तरी डाळ कच्ची असेल तर आमटी बिघडलेलीच. सेन्सरची जीभ फक्त ऑक्सिजन ओळखते. समजा तुमच्या गाडीचा एक स्पार्क प्लग नीट ठिणगी देत नाही. त्या सिलिंडरमधलं इंधन जळत नाही, हवाही जळत नाही, दोन्ही तशीच बाहेर पडतात. सेन्सरला दिसतो जास्त ऑक्सिजन. तो सांगतो, मिश्रण पातळ आहे. ईसीयू इंधन वाढवतो. प्लग आणखी ओला होतो, मिसिंग वाढतं, ऑक्सिजन आणखी दिसतो, इंधन आणखी वाढतं. गाडी काळा धूर सोडते आणि स्क्रीनवर मात्र ‘पातळ’ लिहिलेलं असतं. वर हे सगळं तक्त्यात ‘शिकलं’ही जातं.

सायलेन्सरच्या जोडाला बारीक फट असेल तर तोच घोटाळा. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर फसतो. मॅनिफोल्डची गॅस्केट गळत असेल, टॅपेट क्लिअरन्स बिघडलेला असेल, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी असेल, डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलत असेल, यातलं काहीही इंजेक्शनने बरं होत नाही.

थंड इंजिन चालू करताना किती जादा इंधन द्यायचं, एक्सिलरेटर अचानक दाबला तर किती, या गोष्टी बहुतेक संच स्वतः नीट शिकत नाहीत. कारण त्या दोन-चार सेकंदांत घडतात आणि सेन्सर गरम व्हायलाच वेळ लागतो. त्या हाताने लावाव्या लागतात. ‘ट्युनिंग नको’ हे अर्धसत्य आहे.

म्हणून नियम सोपा : आधी कॉम्प्रेशन मोजा, टॅपेट लावा, प्लग, वायर, कॉइल, पॉइंट तपासा, टायमिंग बघा, गळती थांबवा. हे सगळं केल्यावर निम्म्या गाड्यांना इंजेक्शनची आठवणही येणार नाही.

पर्याय समोरासमोर

*१. अमेरिकेतले तयार संच.* होली कंपनीचा स्नायपर, फायटेकचा गो ईएफआय आणि एडलब्रॉकचा प्रो-फ्लो ४ ही यातली ठळक नावं.

स्नायपर आणि गो ईएफआय दिसायला कार्बोरेटरसारखेच. त्याच जागी, त्याच बोल्टवर बसतात. इंजेक्टर, सेन्सर आणि ईसीयू सगळं एकाच डब्यात, सोबत हातात धरायचा छोटा स्क्रीन. वायरिंग कमी, हा मोठा फायदा. तोटाही त्यातच : ईसीयू थेट तापलेल्या इंजिनावर बसतो आणि कॉइल-डिस्ट्रिब्युटरच्या वायरी शेजारीच असतात. साध्या वायरी असतील तर त्यांच्या ठिणगीचा विद्युत गोंधळ ईसीयूला त्रास देतो. रेझिस्टरवाले प्लग आणि चांगल्या वायरी लागतातच. स्नायपरमध्ये पुढे लॅपटॉप जोडून खोलात जाऊन सेटिंग करता येतं. एडलब्रॉकची रचना वेगळी आहे. त्यात ईसीयू इंजिनापासून दूर लावतात आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी वेगळा इंजेक्टर असतो, त्यामुळे सगळ्या सिलिंडरना इंधन सारखं मिळतं. पण तो ठराविक अमेरिकन व्ही-८ इंजिनांसाठी स्वतःच्या मॅनिफोल्डसकट येतो.

आता आपला मुद्दा. हे संच मुळात कोणासाठी बनलेत? स्नायपरच्या चार बॅरलच्या नेहमीच्या संचात तासाला शंभर पौंड इंधन सोडणारे चार इंजेक्टर असतात, म्हणजे एकूण तासाला सुमारे १८० किलो. पद्मिनीचं १,०८९ सीसीचं इंजिन चाळीसेक हॉर्सपॉवरचं. पूर्ण दाबलं तरी त्याला तासाला नऊ-दहा किलो पेट्रोल पुरे. वीसपट मोठं माप! तांब्याभर पाणी मोजून घ्यायला विहिरीवरची मोटार लावल्यासारखं आहे. आयडलिंगला इंजेक्टर इतका कमी वेळ उघडावा लागतो की त्यावर नीट ताबाच राहत नाही. दोन बॅरलचे संचही मिळतात, पण तेसुद्धा साडेतीनशे हॉर्सपॉवरपर्यंतच्या इंजिनांच्या हिशेबाने बनवलेले.

किंमत अमेरिकेतच चांगली मोठी. त्यावर जहाजभाडं, कस्टम ड्युटी, जीएसटी. पंप, पाइप आणि मजुरी वेगळी. कोणाकडे जुनी व्ही-८ शेव्हरोले किंवा फोर्ड असेल तर हा पर्याय योग्य. पद्मिनी, ८०० किंवा जुन्या अॅम्बॅसॅडरला तो बसवणं म्हणजे पैसे खर्चून नवी डोकेदुखी.

*२. स्वतः जुळवायची ईसीयू.* मेगास्क्वर्ट आणि स्पीडुइनो ही दोन नावं जगभरच्या हौशी लोकांत प्रसिद्ध आहेत. स्पीडुइनो तर आर्डुइनो बोर्डवर चालतो आणि त्याची रचना सगळ्यांसाठी खुली आहे. इथे इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी, सेन्सर आपल्या इंजिनाच्या मापाचे निवडता येतात. ८०० किंवा वॅगन-आरचे इंजेक्टर घेतले तर माप बरोबर बसतं. शिकण्याचं काम लॅपटॉपवरचं ‘ट्युनरस्टुडिओ’ सॉफ्टवेअर करतं : वाइडबँड सेन्सर लावून गाडी चालवा, ते तक्ता सुधारत जातं.

सुटे भाग स्वस्त, पण वेळ आणि डोकं भरपूर लागतं. वायरिंग स्वतः करायची, क्रँकवर दाते असलेलं चाक आणि सेन्सर बसवायचा, सुरुवातीचा तक्ता स्वतः भरायचा. घरात इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असेल आणि गाडी सहा महिने उभी राहिली तरी चालत असेल, त्याच्यासाठी यासारखी शाळा नाही. पण उद्या तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तर गल्लीतला मिस्त्री या गाडीला हात लावणार नाही. सगळ्या वायरिंगचा नकाशा आणि तक्त्याची कॉपी गाडीतच ठेवणं यासाठी गरजेचं.

*३. कंपनीचंच एमपीएफआय.* याचा विचार सगळ्यांत कमी होतो आणि आपल्याकडे बऱ्याच गाड्यांना हाच सर्वांत चांगला लागू पडतो. मारुती ८००, जिप्सी आणि एस्टीम या गाड्या आधी कार्बोरेटरवर होत्या आणि पुढे त्याच कुटुंबातल्या इंजिनांना कंपनीने एमपीएफआय दिलं. म्हणजे मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, ईसीयू, वायरिंग, टाकीतला पंप असं सगळं एका गाडीतून एकत्र मिळू शकतं.

‘पण ते शिकत थोडंच?’ असं अनेकांना वाटतं. शिकतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली कुठलीही फॅक्टरी ईसीयू इंधनाची दुरुस्ती करते आणि लक्षात ठेवते, फक्त स्क्रीनवर दाखवून मिरवत नाही. तिचा सेन्सर साधा, नॅरोबँड असतो. तो ‘किती’ सांगत नाही, फक्त ‘घट्ट की पातळ’ एवढंच सांगतो. रोजच्या चालवण्याला ते पुरतं. ई-२० चा आठ-नऊ टक्क्यांचा फरक ती सहसा सांभाळून घेते. थंड सुरुवात, अचानक एक्सिलरेटर, गरम इंजिन हे सगळं कंपनीने प्रयोगशाळेत आधीच बसवलेलं. आणि बिघडलं तर धुळ्यापासून कारवारपर्यंत कुठल्याही गावात सेन्सर मिळतो, मिस्त्री मिळतो.

अट एकच : सगळे भाग एकाच मॉडेलचे आणि चालत्या गाडीतून काढलेले हवेत. ईसीयू एका वर्षाचा, वायरिंग दुसऱ्या वर्षाचं अशी खिचडी केलीत तर महिनोन्‌महिने दोष सापडत नाही.

*४. कार्बोरेटरच नीट करणं.* पूर्ण उघडून साफ केलेला, नवी किट टाकलेला, झिजलेला शाफ्ट बदललेला कार्बोरेटर गाडीचं वय दहा वर्षांनी कमी करतो. ई-२० साठी मेन जेट थोडा मोठा करता येतो. जेटवरचा आकडा बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. ११५ चा जेट काढून १२० चा टाकला तर भोकाचं क्षेत्रफळ सुमारे नऊ टक्के वाढतं, म्हणजे ई-२० ने जेवढं पातळ केलं जवळपास तेवढंच भरून निघतं. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, हिशेब हाच. जेट बदलल्यावर प्लगचा रंग बघा : फिकट विटकरी चांगला, पांढरा म्हणजे पातळ, काळा म्हणजे घट्ट. खर्च इतर तिन्ही पर्यायांपुढे किरकोळ.

कार्बोरेटर घाट आणि ऊन ओळखणार नाही हे खरं. पण वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला तेवढं चालतं.

*सीएनजीचं काय?* गुजरातमध्ये हा प्रश्न येणारच. कार्बोरेटरच्या गाडीला मिक्सरवाला सीएनजी किट बसतो, आणि त्यात ऑक्सिजन सेन्सरवर चालणारी स्टेपर मोटर असेल तर तो गॅसचं प्रमाण स्वतः सांभाळतो. सिक्वेन्शियल किट मात्र आधीपासून इंजेक्शन असलेल्या गाडीसाठीच. सीएनजीने ई-२० चा प्रश्न टळतो, पण डिकी जाते, आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते.

आणखी एक गैरसमज. बेंगळुरूच्या पॉवरट्रॉनिकसारख्या ‘पिगीबॅक’ ईसीयू कार्बोरेटरची गाडी इंजेक्शनवर आणत नाहीत. आधीच्या इंजेक्शनच्या सेटिंगमध्ये बदल करायला त्या असतात.

खरा धोका : टाकीपासून इंजिनापर्यंत

कार्बोरेटरच्या पंपाचा दाब असतो ०.२ ते ०.३ बार. या इंजेक्शन संचांना लागतो चार बारच्या आसपास, म्हणजे पंधरापट. जुना रबरी पाइप आणि साधी क्लिप कार्बोरेटरला पुरत होती. चार बारला तो पाइप फुटला तर गरम मॅनिफोल्डवर पेट्रोलचा फवाराच उडेल. जुन्या गाडीला आग लागायला एवढं पुरे आहे.

म्हणून इथे काटकसर नको. इंजेक्शनसाठीच बनवलेला, इथेनॉल चालणारा पाइप आणि त्याच्याच क्लिपा. पंप शक्यतो टाकीच्या आत, कारण तिथे तो पेट्रोलने थंड राहतो. जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन. काही कंपन्या रिटर्न लाइन टाळायला बॉनेटखाली छोटी टाकी देतात, पण आपल्या उन्हात बॉनेटखाली पेट्रोल साठवणं शहाणपणाचं नाही. पंपाला रिले आणि फ्यूज असावा, आणि इंजिन बंद पडताच पंप आपोआप बंद व्हायला हवा. अपघातात गाडी उलटली आणि पंप चालूच राहिला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

टाकी आतून गंजली असेल तर आधी ती साफ करा. इंजेक्टरला गंजाचा कणही चालत नाही. आणि लक्षात ठेवा, ईसीयू ई-२० चं प्रमाण सांभाळेल, पण त्याने खराब होणारं जुनं रबर आणि गॅस्केट सांभाळणार नाही. ती बदलावीच लागतात.

वीजही बघा. पंप, सेन्सर, ईसीयू मिळून पंधरा-वीस अँपिअर सहज घेतात. जुना डायनॅमो असलेल्या गाडीत रात्री दिवे, वायपर आणि हे सगळं एकदम चालणार नाही. आल्टरनेटर लागेल. सहा व्होल्टच्या गाडीला तर आधी सगळी वीजच बदलावी लागेल.

कागदपत्रांचं गणित

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या माहितीत फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. इंजिन बदललं तर इंजिन नंबर बदलतो, त्यासाठी आरटीओची परवानगी आधी घ्यायची. सीएनजी बसवलं तर मान्यताप्राप्त किट आणि आरसीवर नोंद. त्याच इंजिनावर, त्याच पेट्रोलवर फक्त इंजेक्शन बसवलं तर आरसीतले रकाने तेच राहतात, तरी पासिंगच्या आधी आरटीओत विचारून घ्यावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. आग लागल्यावर ‘सांगितलं नव्हतं’ हे कारण पुढे यायला नको.

पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण एप्रिल २०२२ पासून महाग झालं आहे, मोटारीला ५,००० रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० झालं. इंजेक्शनचा खर्च ठरवताना हाही आकडा धरा. आणि सीमेवरच्या वाचकांसाठी : महाराष्ट्राची गाडी गुजरातमध्ये किंवा कर्नाटकात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर तिथली नोंदणी लागते. एनओसी काढून तपासणीला जाताना गाडी आरसीप्रमाणे असलेली बरी. म्हणून आधी नोंदणीचं काम, मग बदल.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल तर थांबा. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल नकोत. अशा गाडीचा कार्बोरेटर हा तिच्या किमतीचा भाग आहे. तिथे इंजेक्शनचा विचारही करू नये.

मग कोणत्या गाडीला काय?

- पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी : कार्बोरेटरच. इथेनॉल चालणारं रबर आणि योग्य जेट.
- पद्मिनी, जुनी १,४८९ सीसी अॅम्बॅसॅडर : इंजिन आणि इग्निशन नीट करा, कार्बोरेटर नवा करा. रोज चालवायची असेल आणि हौस असेल तर लहान इंजेक्टर घेऊन स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्ट.
- मारुती ८००, जिप्सी, एस्टीम : कंपनीचंच एमपीएफआय, एकाच गाडीतून काढलेलं.
- काँटेसा : तिच्या इसुझू १.८ इंजिनालाही अमेरिकन संच मोठाच. चांगला कार्बोरेटर, नाहीतर जुळवलेली ईसीयू.
- व्ही-८ अमेरिकन गाडी : तयार शिकणारा संच इथे खरा शोभतो. पाइप, पंप आणि वायरिंगवर संचाइतकंच लक्ष द्या.

काम द्यायचं ठरलं तर मिस्त्रीला चार प्रश्न विचारा. बसवण्याआधी कॉम्प्रेशन मोजणार का? रिटर्न लाइन कुठून नेणार? इंजिन बंद पडल्यावर पंप कसा बंद होणार? आणि सहा महिन्यांनी सेन्सर गेला तर तो कुठे मिळेल? पहिल्याच प्रश्नाला ‘त्याची गरज नाही, यंत्र स्वतः शिकतं’ असं उत्तर आलं, तर गाडीची चावी परत मागा.

आणि काहीही बसवलंत तरी काढलेला कार्बोरेटर भंगारात देऊ नका. फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. यंत्राचा एखादा भाग मिळेनासा झाला तर ती गाडी परत रस्त्यावर आणणारा तोच असेल.